पाण्याखालच्या पहिल्या कॅमेऱ्यासाठी ७५ हजार: पैसे नेमके कशावर घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तारकर्लीला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला, अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, आतापर्यंत सहा डाइव्ह झाल्या आहेत, जानेवारीत अंदमानला जायचे आहे, हाताशी ७५ हजार रुपये आहेत आणि घरात एक डीएसएलआर पडून आहे. मालवणच्या पाण्यात तुम्ही खडकावर एक निळी-पिवळी नुडीब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, पाहिली. तिथे मिळालेल्या व्हिडिओत मात्र ती हिरवट करड्या ठिपक्यासारखी दिसली. म्हणून तुम्ही विचारता की असे रंग टिपणारा स्वस्त कॅमेरा कोणता, आणि घरच्याच डीएसएलआरला पाण्याचे कव्हर घेतले तर भागेल का.

गेली चौदा वर्षे मी मालवण, कर्नाटकातले नेत्राणी बेट आणि अंदमानच्या पाण्यात छायाचित्रे काढतो आहे, आणि नव्या डायव्हरांना त्यांचे पहिले साहित्य निवडायला मदत करतो. माझ्या अनुभवाने सांगतो की तुमचा खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, तो उजेडाचा आणि अंतराचा आहे. तो व्हिडिओ ज्या कॅमेऱ्याने काढला, त्याच कॅमेऱ्याने जमिनीवर उत्तम रंग येतात. पाण्याखाली रंग गेले ते पाण्याने खाल्ले म्हणून गेले, आणि दुप्पट किमतीचा कॅमेरा नेला असता तरी तितकेच गेले असते.

पाणी सगळ्यात आधी तांबडा रंग शोषून घेते. साधारण पाच मीटरपर्यंत तांबड्याचा बराचसा भाग नाहीसा होतो, त्याखाली नारिंगी आणि मग पिवळा. बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की येथे केवळ खोली मोजायची नसते, उजेडाने पाण्यातून केलेला एकूण प्रवास मोजायचा असतो. तुम्ही बारा मीटरवर आहात आणि मासा तुमच्यापासून दोन मीटरवर आहे, तर सूर्यप्रकाश बारा मीटर खाली येतो, माशावर पडतो आणि आणखी दोन मीटर कापून भिंगात शिरतो. म्हणजे चौदा मीटर पाणी. आता त्याच ठिकाणी स्वतःचा दिवा घेऊन त्या गोगलगाईपासून तीस सेंटीमीटरवर या. दिव्यापासून तिच्यापर्यंत तीस आणि तिच्यापासून भिंगापर्यंत तीस, असे अवघे साठ सेंटीमीटर पाणी मध्ये राहते, आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिला होता त्याहूनही चोख पिवळा रंग चित्रात उतरतो. मालवणच्या पाण्याला दुसरेही एक कारण आहे. तिथे पाण्यात गाळाचे कण असतात, दृश्यता कित्येक दिवस चार-पाच मीटरच्या वर जात नाही, आणि दूरवरून काढलेले चित्र धुक्यातून काढल्यासारखे येते. अंदमानला पाणी पुष्कळ स्वच्छ असते, तरीही तांबडा रंग तिथेही जातोच.

म्हणून साहित्य निवडताना मी दोनच गोष्टी आधी पाहतो: हा कॅमेरा मला विषयाच्या किती जवळ जाऊ देतो, आणि याच्याबरोबर स्वतःचा उजेड नेता येतो का. मेगापिक्सेल, झूम आणि जाहिरातीतली इतर वैशिष्ट्ये यानंतर येतात. झूम तर पाण्याखाली जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण झूम केल्याने मधले पाणी कमी होत नाही.

आता तुमच्या डीएसएलआरविषयी. पारदर्शक प्लॅस्टिकची मऊ पिशवी मिळते, तिच्यात कॅमेरा घालून पोहता येते, पण डायव्हिंगला ती अजिबात नेऊ नये. दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर पिशवीतल्या हवेचे आकारमान निम्मे होते, प्लॅस्टिक कॅमेऱ्याला घट्ट चिकटते, बटणे आपोआप दाबली जातात आणि शिवणीवर ताण येतो. कडक कवचाचे हाउसिंग हाच खरा मार्ग आहे, परंतु डीएसएलआरचे चांगले ॲल्युमिनियम हाउसिंग सहसा कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते, त्यावर भिंगानुसार वेगळे पोर्ट, म्हणजे भिंगापुढची पारदर्शक खिडकी, घ्यावे लागते आणि दिवे निराळेच. शिवाय ते हाउसिंग त्या एकाच मॉडेलला बसते. उद्या कॅमेरा बिघडला आणि ते मॉडेल बंद झालेले असले, तर हातात निव्वळ धातूचा डबा उरतो. ७५ हजारांत हा मार्ग बसत नाही, आणि बसला असता तरी सहा डाइव्ह झालेल्या माणसाला एवढे जड साहित्य हातात धरायला मी सांगितले नसते.

मोबाइलसाठीही कडक हाउसिंग मिळतात. त्यांतल्या काहींत हवा शोषून घेऊन गळती आधीच तपासण्याची सोय असते, ती मला मनापासून आवडते. पण आजकाल विमानाचे तिकीट, ओळखपत्र आणि पैसे सगळे मोबाइलमध्येच असते. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, गेल्यावर तोच मोबाइल बुडाला तर सहल कशी होईल, याचा विचार करून ठरवावे. घरात जुना चांगला मोबाइल असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या रकमेत खरोखर बसणारे पर्याय दोन आहेत, आणि त्यांतला कोणता घ्यावा हे तुम्हाला काय टिपायचे आहे यावर अवलंबून आहे.

पहिला पर्याय ॲक्शन कॅमेऱ्याचा, म्हणजे गोप्रो किंवा डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन. ज्याला प्रामुख्याने व्हिडिओ हवा आहे, माशांचे थवे, कासव आणि सोबतचे डायव्हर टिपायचे आहेत, त्याने डोळे मिटून हा घ्यावा. तो लहान आहे, दृश्यकोन रुंद आहे आणि चालवायला सोपा आहे. गोप्रो उघडा दहा मीटरपर्यंत चालतो आणि ऑस्मो ॲक्शन ४ अठरा मीटरपर्यंत, असे कंपन्या सांगतात. स्वतंत्र केस घातली की दोन्ही साठ मीटरपर्यंत नेता येतात. डायव्हिंगला केसशिवाय नेऊच नये, कारण या मर्यादा स्थिर पाण्याच्या दाबासाठी असतात, आणि बॅटरीच्या दाराचे रबर वर्षभर वापरल्यावर पहिल्या दिवसाइतके घट्ट राहत नाही. मात्र या कॅमेऱ्यांची एक मर्यादा तुमच्यासाठी निर्णायक आहे. अंगठ्याच्या नखाएवढी गोगलगाय टिपायला जेवढे जवळ जावे लागते, तेवढ्या अंतरावर त्यांचा फोकस बसत नाही. जवळून काढायचे जोडभिंग मिळते, पण त्याने चित्र सुस्पष्ट दिसण्याचा टापू इतका अरुंद होतो की लहान पडद्यावर नेमके कुठे थांबावे हे कळत नाही.

लाल फिल्टर घेऊ का, असेही तुम्ही विचारले आहे. स्वच्छ निळ्या पाण्यात, ऊन पाठीशी असताना, साधारण पाच ते पंधरा मीटरच्या पट्ट्यात तो खरोखर उपयोगी पडतो. परंतु तो उरलेल्या रंगांचा तोल सावरतो. जो तांबडा पाण्यात पोचलाच नाही तो त्याला आणता येत नाही, उलट एकूण उजेड तो कमीच करतो. मालवणच्या हिरव्या पाण्याला लाल नव्हे, जांभळट गुलाबी फिल्टर लागतो. आणि दिवा लावलात की कोणताही फिल्टर काढून ठेवायचा, नाहीतर सगळे चित्र लालभडक होते.

दुसरा पर्याय म्हणजे ऑलिंपसची टफ मालिका, जी आता ओएम सिस्टिम या नावाने मिळते. टीजी-६ हे मॉडेल २०१९ साली आले आणि टीजी-७ हे २०२३ साली. तुमच्या नुडीब्रँकसाठी माझे मत निःसंशय या बाजूने आहे, आणि त्याचे कारण एकच वैशिष्ट्य आहे: यातल्या मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून एक सेंटीमीटरवर असलेल्या वस्तूवर फोकस बसतो. नुडीब्रँकच्या डोक्यावरच्या दोन शिंगांवरची वळी मोजता येतील इतके जवळचे चित्र या लहानशा कॅमेऱ्याने मी काढले आहे. याहून महागड्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना त्यासाठी वेगळे जोडभिंग लागते. हा कॅमेरा रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेले मूळ चित्र, साठवतो, त्यामुळे रंगांचा तोल नंतर सुधारायला वाव राहतो.

त्याच्या उणिवाही सांगतो. सेन्सर लहान आहे, त्यामुळे अंधुक उजेडात चित्र खरखरीत येते. शटरचा वेग स्वतः ठरवता येत नाही आणि ॲपर्चरचे, म्हणजे भिंगाच्या छिद्राचे, मोजकेच टप्पे मिळतात. बॅटरी दिवसाच्या तीन डाइव्हना पुरत नाही, म्हणून एक जादा बॅटरी घ्यावीच लागते. ज्यांना पुढेमागे सगळी सूत्रे हातात हवी असतात, ते सोनीच्या आरएक्स१०० सारख्या एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्याकडे जातात. तो रास्त मार्ग आहे, पण हाउसिंग आणि भिंग धरून तुमच्या रकमेबाहेर जातो.

टफ कॅमेरा हाउसिंगशिवाय पंधरा मीटरपर्यंत चालतो असे खोक्यावर लिहिलेले असते, आणि नव्या डायव्हरांची फसगत नेमकी येथे होते. ओपन वॉटरचे प्रशिक्षण तुम्हाला अठरा मीटरपर्यंत जाण्याची मुभा देते. तीन मीटरचा हा फरक मासा पाहण्याच्या नादात केव्हा ओलांडला जातो हे कळतही नाही. म्हणून पीटी-०५९ हे पंचेचाळीस मीटरपर्यंतचे हाउसिंग बरोबरच घ्यावे. त्याचा आणखी एक फायदा असा की ते टीजी-६ आणि टीजी-७ या दोघांनाही बसते. आज टीजी-६ घेतलात आणि दोन वर्षांनी तो गेला, तरी हाउसिंग वाया जात नाही.

आता हिशेब. नवा टीजी-७ आणि नवे हाउसिंग घेतले तर तुमची जवळजवळ सगळी रक्कम तिथेच संपते, उजेडासाठी काही उरत नाही, आणि मग तुम्ही पुन्हा त्याच हिरवट करड्या चित्रांवर येऊन थांबता. भाव डॉलर आणि आयातशुल्काप्रमाणे हलतात, म्हणून आकडे देत नाही, क्रम देतो. मी तुमच्या जागी असतो तर चांगल्या स्थितीतला जुना टीजी-६ हाउसिंगसह घेतला असता, एक साधा स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्याबाहेर बसवायचा पाण्याखालचा फ्लॅश, घेतला असता, शक्य झाल्यास तोही जुना, आणि दोन्ही बसवण्यासाठी एक ट्रे व एक बाहू. पैसे कमी पडले तर कॅमेरा आणखी जुना चालेल, पण स्ट्रोब वगळू नये.

स्ट्रोबच का, व्हिडिओ लाइट का नाही, हे समजून घ्या. व्हिडिओ लाइट सतत जळतो, म्हणून चित्र कसे येणार ते आधीच दिसते आणि नवख्याला तो सोपा वाटतो. पण स्थिर चित्रासाठी त्याचा उजेड फार तोकडा पडतो. हातभर अंतरापलीकडे दिवसाच्या प्रकाशात तो दिसतही नाही. स्ट्रोब क्षणभरच चमकतो, पण त्या क्षणात कितीतरी पट उजेड टाकतो, त्यामुळे रंग येतात आणि हलणारा मासाही गोठल्यासारखा स्पष्ट येतो. शिवाय बिळातल्या कोळंबीवर किंवा समुद्री घोड्यावर मिनिटभर प्रखर झोत रोखून धरणे त्या जिवाला त्रासाचे असते. व्हिडिओ हाच तुमचा मुख्य हेतू असेल तर मात्र ॲक्शन कॅमेरा आणि दोन व्हिडिओ लाइट ही जोडी घ्या.

कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशवर भागवू नये, कारण तो भिंगाच्या अगदी शेजारी असतो. त्याचा उजेड भिंगापुढच्या गाळाच्या प्रत्येक कणावर आपटून सरळ परत येतो आणि चित्रभर तांदळाच्या कण्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके पडतात. हाउसिंगमध्ये त्या फ्लॅशचे काम एवढेच असते की ऑप्टिकल फायबरच्या तारेतून स्ट्रोबला इशारा द्यावा. स्ट्रोब बाहूवर बाजूला, भिंगाच्या पातळीपेक्षा किंचित मागे आणि थोडा बाहेरच्या दिशेने वळवून ठेवावा, म्हणजे त्याच्या झोताची कडच विषयावर पडते आणि भिंग व विषय यांच्यामधले पाणी अंधारात राहते. मालवणात हे एक जमले की निम्मे काम झाले. स्ट्रोब घेताना तो तुमच्या कॅमेऱ्याचा इशारा नीट ओळखतो याची विकणाऱ्याकडून समोर खात्री करून घ्यावी.

जुने साहित्य घेताना मी काय पाहतो तेही सांगतो. हाउसिंगच्या बिजागरीपाशी आणि कडीपाशी केसासारखी चीर आहे का, ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेत ओरखडा आहे का, सगळी बटणे दाबल्यावर झटकन वर येतात का, आणि स्ट्रोबच्या बॅटरीच्या कप्प्यात हिरवा थर जमला आहे का. हिरवा थर दिसला की स्ट्रोब परत करावा. पोर्टच्या बाहेरच्या बाजूला बारीक ओरखडे असले तर घाबरू नये, पाण्यात ते भरून निघतात आणि चित्रात दिसत नाहीत. आतल्या बाजूचा ओरखडा मात्र दिसतो.

ओ-रिंगविषयी सविस्तर लिहितो, कारण सगळी गुंतवणूक त्या एका रबरी कड्यावर उभी आहे. माझा दुसरा हंगाम चालू होता. घाईत होडीवरच हाउसिंग उघडले, बॅटरी बदलली, टॉवेलने हात पुसले आणि कडी लावली. नऊ मीटरवर असताना खालच्या कोपऱ्यात मोत्यांची ओळ दिसावी तसे पाण्याचे चार-पाच थेंब दिसले. मी हाउसिंग असे तिरके धरले की पाणी कॅमेऱ्यापासून दूरच्या कोपऱ्यात साचावे, आणि नेहमीच्याच संथ वेगाने, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून वर आलो. कॅमेऱ्यासाठी घाईने वर येणे हा जिवाशी खेळ आहे, तो कधीही करू नये. वर येईपर्यंत पाणी बोटभर चढले होते आणि कॅमेरा गेला होता. संध्याकाळी ओ-रिंग काढून पाहिली तेव्हा तिच्यावर टॉवेलचा एक निळा धागा आडवा पडलेला होता, पापणीच्या केसाएवढा.

तेव्हापासून मी हाउसिंग आदल्या रात्री खोलीत बंद करतो. ओ-रिंग टाचणीने कधीच काढत नाही. दोन बोटांनी बाजूने दाबली की ती आपोआप वर उचलली जाते. ती चिमटीतून संथपणे पूर्ण फिरवतो, कारण डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण बोटाला कळतो. मग मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस तिला सगळीकडे सारखे लावतो. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रबराला मऊ ठेवते, आणि जास्त लावले तर धूळ व केस गोळा करते. ग्रीस त्याच कंपनीचे वापरावे, कारण काही ओ-रिंग सिलिकॉनच्या असतात आणि चुकीच्या ग्रीसने त्या फुगतात. वातानुकूलित खोलीत हाउसिंग बंद करण्याचा दुसरा फायदा असा की आत कोरडी हवा कोंडली जाते. कोकणातल्या दुपारी होडीवर बंद केलेल्या हाउसिंगमधली दमट हवा पाण्यात थंड होते आणि पोर्टवर आतून वाफ धरते. मग समोर कितीही सुंदर काही असले तरी चित्र दुधाळ येते. आत सिलिका जेलची एक पुडी ठेवावी.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सहा डाइव्हनंतर बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता न तरंगता एका जागी राहण्याचा ताबा, अजून हातात बसलेला नसतो, आणि हातात कॅमेरा आला की लक्ष श्वासावरून आणि हवेच्या मापकावरून उडते. जवळ जाऊन चित्र काढायचे म्हणजे प्रवाळापासून वीतभर अंतरावर स्थिर राहायचे. तिथे पायातली एक फिन लागली तरी कित्येक वर्षांत वाढलेली फांदी मोडते. आपल्याकडचे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण आहे. काही डायव्ह सेंटर नवख्यांना कॅमेरा नेऊ देत नाहीत, त्याचा राग मानू नये. जानेवारीपूर्वी तारकर्लीला आणखी आठ-दहा डाइव्ह कराव्यात, त्यांतल्या पहिल्या पाच तरी रिकाम्या हातांनी, आणि अंदमानलाही पहिल्या दिवशी कॅमेरा खोलीवर ठेवावा. यासाठी रकमेतले काही हजार बाजूला काढावे लागले आणि स्ट्रोब पुढच्या हंगामावर गेला, तर मी तो अपवाद आनंदाने मान्य करीन. ज्याची बॉयन्सी चांगली आहे तो नुसत्या टॉर्चच्या उजेडातही जवळ जाऊन बरे चित्र आणतो.

प्रवासाचे एवढेच की सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात केबिनच्या पिशवीतच न्याव्या लागतात, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. हाउसिंगला गुंडाळीदार दोरी लावून ती बीसीडीला, म्हणजे डायव्हरच्या हवा भरता येणाऱ्या जॅकेटला, अडकवावी, म्हणजे गरज पडल्यास दोन्ही हात मोकळे करता येतात.

साहित्य घरी आले की कॅमेरा लगेच आत घालू नका. रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवा, कडी लावा, बादलीत अर्धा तास दाबून धरा आणि पाण्यातच प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा. मग पहिल्या डाइव्हला ते तसेच रिकामे, टिश्यूसह खाली न्या; हवा भरलेला रिकामा डबा वर ओढतो, म्हणून त्यात एक शिशाचे वजन ठेवा. वर आल्यावर हाउसिंग गोड्या पाण्यात बुडवा, बाहेरून कोरडे पुसा, पोर्ट खाली करून उघडा आणि टिश्यू हातात घेऊन पाहा. तो कोरडा असेल तर दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा आत जाऊ द्या.